गॉलब्लॅडर काढल्यावर काय सुटतं आणि काय तसंच राहतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: बाई, वय ४६, सोनोग्राफीत पित्ताशयात (गॉलब्लॅडर, म्हणजे पित्ताची पिशवी) बरेच खडे, सगळ्यात मोठा १४ मिमीचा. गेल्या काही महिन्यांत तीनदा पोटात वरच्या बाजूला जोरात दुखलं, एकदा तर रात्री हॉस्पिटल गाठावं लागलं. सर्जनने पिशवी काढायला सांगितलीय. पण नात्यातल्या एकांचं हेच ऑपरेशन होऊनही त्यांना गॅस, पोट फुगणं, मधेच जुलाब चालूच आहेत त्यामुळे मनात भीती बसलीय. काढल्यावर पचन कायमचं बिघडतं का, गोळ्यांनी खडे विरघळत नाहीत का, आणि ऑपरेशनचा धोका किती, हे विचारलंय.

मी पोटाची ऑपरेशनं करणारा सर्जन आहे आणि इतक्या वर्षांत माझ्या हातून सगळ्यात जास्त झालेलं ऑपरेशन हेच. तर आधी उत्तर देतो, कारणं नंतर. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून ऑपरेशन करून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तुमच्या नातेवाईकांचा त्रास खरा आहे, तो मनाचा खेळ वगैरे अजिबात नाही, पण अशा बहुतेक केसेसमध्ये मी बघतो की ऑपरेशन व्यवस्थितच झालेलं असतं, फक्त ज्या तक्रारीसाठी केलं ती तक्रार मुळात खड्यांची नव्हतीच. ही एक गोष्ट नीट समजली तर तुमचे अर्धे प्रश्न इथेच सुटतील म्हणून तिच्यावर जास्त लिहिणार आहे.

आधी ती पिशवी करते काय ते बघू. पित्त तयार होतं लिव्हरमध्ये, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. गॉलब्लॅडर ते तयार करत नाही, फक्त साठवते, तेही ३० ते ५० मिली, आणि त्यातलं पाणी शोषून ते घट्ट करून ठेवते. आपण स्निग्ध काही खाल्लं की आतड्यातून एक हार्मोन सुटतं, पिशवी आकुंचन पावते आणि ते घट्ट पित्त आतड्यात येतं. पिशवी काढली की लिव्हरचं पित्त नळीतून थेट आतड्यात येत राहतं, दिवसभर थोडं थोडं. म्हणजे पित्त कमी होत नाही, त्याची वेळ बदलते. चरबी पचायला एवढं बहुतेकांना पुरतं आणि शरीर काही आठवड्यांत त्याला सरावतं. "एक अवयव काढला म्हणजे आयुष्यभर पथ्य" हे डोक्यातून काढून टाका. आणि ज्या पिशवीत वर्षानुवर्षं खडे भरलेत ती बऱ्याचदा आधीच नीट आकुंचन पावत नसते, म्हणजे तुमचं शरीर कदाचित आत्ताच तिच्याशिवाय काम चालवतंय.

मग फक्त खडे काढून पिशवी ठेवता येत नाही का, किडनीचे खडे काढतात तसे? हा प्रश्न ओपीडीत रोज येतो. १८८२ मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुख नावाच्या सर्जनने पहिल्यांदा अख्खी पिशवी काढली, त्याच्या आधी पिशवी उघडून खडे काढायचे आणि पिशवी तशीच ठेवायचे. त्याचा विचार असा होता की पिशवीत खडे आहेत म्हणून ती काढायची नाही, ती खडे तयार करते म्हणून काढायची. आजही तोच तर्क लागू आहे. पित्तात कोलेस्टेरॉल जास्त, पिशवीची हालचाल मंद, हे जोपर्यंत बदलत नाही तोपर्यंत खडे पुन्हा होणार.

गोळ्यांचंही तसंच. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड नावाचं औषध आहे, ते काही निवडक लोकांत काम करतं: खडे बारीक हवेत, कोलेस्टेरॉलचे हवेत, कॅल्शियम साठलेलं नको, आणि पिशवी चालू हवी. तरी सहा महिने ते दोन वर्षं घ्यावं लागतं, आणि खडे विरघळले तरी पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांत परत येतात. तुमच्याकडे बरेच खडे, १४ मिमीचा एक, वरून तीन अटॅक झालेले, इथे ते औषध देऊन वेळ घालवणं मला पटत नाही. त्याचा खरा उपयोग दुसरीकडे आहे, वजन कमी करायचं ऑपरेशन झाल्यावर वजन झपाट्याने उतरतं आणि त्या काळात खडे होण्याची शक्यता वाढते, तेव्हा ते होऊ नयेत म्हणून हे देतात. आणि ते "लिव्हर फ्लश" म्हणून तेल आणि लिंबाचा रस पिऊन सकाळी हिरवे गोळे पडतात ना, ते खडे नसतात, तेल आणि पाचक रसांपासून आतड्यात तयार झालेले साबणासारखे गोळे असतात. कृपया करू नका, पिशवी जोरात आकुंचन पावून एखादा खडा नळीत सरकला तर निष्कारण संकट ओढवेल.

आता मुख्य मुद्दा, दुखणं. खड्यांचं दुखणं ओळखता येतं. पोटात वरती मध्यभागी किंवा उजव्या बरगड्यांखाली येतं, वाढत वाढत जातं आणि मग एका पातळीला टिकून राहतं, निदान अर्धा तास, कधी चार-पाच तास. पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या पात्याखाली जातं. मळमळ, उलटी. माणूस एका जागी बसू शकत नाही, येरझाऱ्या घालतो, कुठल्याही कुशीवर बरं वाटत नाही. बऱ्याचदा रात्री झोपेतून उठवतं. ढेकर दिली, संडासला जाऊन आलं, ॲसिडिटीची गोळी घेतली तरी फरक पडत नाही. आणि मग जातं ते पूर्ण जातं, दोन अटॅकच्या मधले आठवडे किंवा महिने माणूस एकदम नॉर्मल असतो. हे असं असेल तर ऑपरेशननंतर ते जाण्याची शक्यता खूप चांगली आहे.

याच्या उलट रोज थोडं थोडं जड वाटणं, जेवल्यावर पोट फुगणं, ढेकरा, छातीत जळजळ, गॅस, पोट साफ न होणं, ह्या तक्रारी खडे असलेल्या लोकांना असतात आणि नसलेल्यांनाही तितक्याच असतात. पण होतं काय, ह्या तक्रारीसाठी सोनोग्राफी होते, त्यात खडे दिसतात, आणि सगळ्यांना वाटतं सापडलं कारण. पेशंटलाही हायसं वाटतं. मग ऑपरेशन होतं आणि दोन महिन्यांनी तोच गॅस, तीच जळजळ. नेदरलँड्समध्ये हजाराहून जास्त पेशंटवर यासाठी एक मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ठरावीक निकष लावून कुणाचं ऑपरेशन करायचं ते ठरवणारा एक गट आणि नेहमीच्या पद्धतीने ठरवणारा दुसरा. बहुसंख्यांचं ऑपरेशन झालं, पण वर्षभराने पोटदुखी पूर्ण थांबलेले एका गटात ५६ टक्के आणि दुसऱ्यात ६० टक्के. म्हणजे दहातल्या चार जणांना काही ना काही दुखणं शिल्लक होतं. हा आकडा मी पेशंटला ऑपरेशनच्या आधी सांगतो, कारण नंतर सांगितला तर ती सबब वाटते.

म्हणून माझी पद्धत अशी की पेशंटला विचारायचं, तुमच्या सगळ्या तक्रारी सांगा, आणि मग त्यांच्यासमोर वेगळ्या करायच्या, ह्या जातील असं मला वाटतं, ह्या जातील न जातील, आणि ह्यांचा खड्यांशी संबंध दिसत नाही. छातीत जळजळ मुख्य असेल तर आधी एंडोस्कोपी. दोन्ही आजार एकत्र असू शकतात आणि तेव्हा दोन्हीचे उपचार लागतात, एकाचे करून दुसरा जात नाही. तुमच्या बाबतीत तीनही अटॅक टिपिकल वाटतायत, पण अटॅकच्या मधल्या दिवसांत तुम्हाला काय काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते तुमच्या सर्जनना जरूर सांगा.

थांबून बघता येतं का? हो, काही लोकांना येतं. खडे आहेत पण कधीच दुखलेलं नाही, सहज तपासणीत सापडले, अशांना सहसा ऑपरेशन लागत नाही. अशा लोकांत त्रास सुरू व्हायचं प्रमाण वर्षाला शंभरात एक ते चार एवढंच असतं. अपवाद आहेत, पिशवीत १० मिमीपेक्षा मोठा पॉलिप (आतल्या बाजूला वाढलेली छोटी गाठ), पिशवीच्या भिंतीत कॅल्शियम साठणं, तीन सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा, इथे कॅन्सरची शक्यता धरून वेगळा विचार करतात. आणि ज्यांना दुखतं पण गुंतागुंत झालेली नाही त्यांच्यासाठीही युकेमध्ये ४३४ पेशंटवर अभ्यास झाला, २०२३ मध्ये आला, अर्ध्यांना ऑपरेशन, अर्ध्यांना दुखेल तेव्हा पेनकिलर आणि सल्ला. १८ महिन्यांनी दोन्ही गटांची दुखण्याची आणि तब्येतीची पातळी सारखीच निघाली, आणि थांबलेल्यांपैकी तोपर्यंत फक्त एक चतुर्थांश लोकांचं ऑपरेशन झालं होतं. मी हे मुद्दाम लिहितोय, कारण सर्जनने ऑपरेशन सांगितलं म्हणजे उद्याच करायला हवं असं प्रत्येक वेळी नसतं. वर्षातून एखादा सौम्य अटॅक येत असेल तर थांबायचं ठरवणं चुकीचं नाही. पण काही महिन्यांत तीन आणि त्यातला एक रात्री इमर्जन्सीत, हे वारंवार आणि वाढत चाललेलं आहे, आणि सोनोग्राफीत "बरेच" खडे म्हणजे त्यात बारीकही असणार. लोकांना मोठ्या खड्याची भीती वाटते पण खाली नळीत सरकायला बारीक खडे जास्त तयार असतात. ते मुख्य पित्तनलिकेत अडकले की कावीळ, कावीळीत इन्फेक्शन झालं तर थंडी वाजून ताप, आणि स्वादुपिंडाच्या तोंडाशी अडकले तर पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाला सूज), जो सौम्य असला तर आठवड्यात बरा होतो आणि गंभीर झाला तर माणूस आयसीयूत महिना काढतो आणि कधी वाचतही नाही. तुमच्या जागी माझी बहीण असती तरी मी थांबायला सांगितलं नसतं.

एकदा गुंतागुंत झाली की तर थांबायचंच नाही. पिशवीला सूज आली, ताप आला, तर पूर्वी आधी अँटिबायोटिक देऊन सहा आठवड्यांनी ऑपरेशन करायची पद्धत होती, अजूनही बऱ्याच ठिकाणी तसं सांगतात. जर्मनीतून २०१३ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात पेशंट आल्यापासून २४ तासांत ऑपरेशन झालेल्यांत त्रास उद्भवायचं प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास होतं, आणि आधी औषधं देऊन नंतर केलेल्यांत ३४ टक्के. सौम्य पॅन्क्रियाटायटिसचंही तेच, त्याच ॲडमिशनमध्ये पिशवी काढली तर पुन्हा खड्यांच्या त्रासाने दाखल व्हायची वेळ साधारण ५ टक्क्यांवर आली, महिनाभर थांबलेल्यांत ती १७ टक्के होती. वय जास्त, हार्टचा त्रास, अशा पेशंटमध्ये बाहेरून नळी घालून पिशवी रिकामी करणं जास्त सुरक्षित वाटतं, पण तिथेही २०१८ च्या डच अभ्यासात नळी घातलेल्यांनाच कितीतरी जास्त गुंतागुंत झाली. अर्थात भूल देणंच शक्य नसेल तर नळीला पर्याय नाही.

ऑपरेशनच्या आधी एक गोष्ट तपासून घ्या, लिव्हर फंक्शन टेस्ट आणि सोनोग्राफीत मुख्य पित्तनलिकेची जाडी. पिशवीत खडे असलेल्या शंभरातल्या दहा-पंधरा जणांच्या नळीतही खडा असतो. रिपोर्ट बिघडलेले असतील किंवा नळी फुगलेली असेल तर एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय), आणि खडा दिसला तर तोंडातून दुर्बीण घालून ईआरसीपी करून तो काढतात, किंवा ऑपरेशनच्या वेळीच नळीतून काढतात. हे आधी बघितलं नाही तर पिशवी जाते आणि खडा नळीत राहतो, आणि मग "ऑपरेशन होऊनही कावीळ झाली" अशी केस तयार होते.

आता ऑपरेशन. दुर्बिणीतून पहिल्यांदा केलं ते एरिच म्यूहे यांनी १९८५ मध्ये जर्मनीत, दोन वर्षांनी फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी केलं आणि तिथून ते जगभर झपाट्याने पसरलं. पूर्ण भूल, चार छोटी छिद्रं, बेंबीपाशी एक, वरती एक, उजव्या बाजूला दोन. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. पिशवीला जाणारी एक छोटी नळी आणि एक रक्तवाहिनी असते, त्या दोन्हींना क्लिप लावून कापायचं आणि पिशवी लिव्हरपासून सोडवून बेंबीतून बाहेर काढायची. तासाभराचं काम, सुजलेली असेल तर दोन-तीन तासही लागतात.

यात खरी भीती एकाच गोष्टीची, मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याची. पिशवीची नळी समजून मुख्य नळी कापली जाते. पोट उघडून करायच्या (ओपन) पद्धतीत हे हजारात एक-दोन जणांना व्हायचं, दुर्बिणीच्या सुरुवातीच्या वर्षांत ते वाढलं, आणि आता हजारात दोन ते पाच असं धरा. आकडा लहान आहे पण ज्याला होतं त्याचं आयुष्य बदलतं, पुन्हा मोठं ऑपरेशन, आतड्याचा तुकडा वर आणून लिव्हरच्या नळीला जोडावा लागतो, आणि पुढे वर्षानुवर्षं फॉलोअप. ही इजा बहुतेकदा हात चुकल्यामुळे होत नाही, डोळ्यांना जे दिसतं त्याचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे होते. म्हणून १९९५ मध्ये स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी एक नियम मांडला: नळी आणि लिव्हरच्या मधली जागा पूर्ण साफ करा, पिशवीचा खालचा एक तृतीयांश भाग लिव्हरपासून सोडवा, आणि पिशवीत जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी दिसल्याशिवाय काहीही कापू नका. मी हा नियम प्रत्येक केसला पाळतो, कितीही सोपी वाटली तरी, आणि माझ्या हाताखालच्या मुलांना कापण्याआधी त्या दृश्याचा फोटो काढून ठेवायला लावतो. हिरव्या रंगाचं आयसीजी औषध देऊन खास कॅमेऱ्यात नळ्या चमकताना दिसतात किंवा ऑपरेशन चालू असताना नळीचा एक्सरे काढतात, त्याचीही मदत होते.

आणि सूज इतकी असेल की काही ओळखूच येत नाही, तर शहाणा सर्जन तिथे थांबतो. पिशवीचा खालचा भाग ठेवून बाकीची काढतो, किंवा पोट उघडून करतो. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये उघडायची वेळ शंभरात दोन ते पाच जणांवर येते, सुजलेल्या पिशवीत त्याहून जास्त. नातेवाईक बाहेर हे ऐकतात आणि त्यांना वाटतं काहीतरी फसलं. फसू नये म्हणूनच तो निर्णय घेतलेला असतो. तुमच्या सर्जनना आधीच विचारा, अवघड निघालं तर तुम्ही काय करता? याचं शांत आणि स्पष्ट उत्तर मिळालं तर माणूस बरोबर आहे असं समजा. सगळं धरून, ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये चांगली तब्येत असलेल्या माणसाच्या जिवाला धोका हजारात एकाच्या आसपास असतो.

ऑपरेशननंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येतं. उजवा खांदा दुखतो आणि लोक घाबरतात, ते आत भरलेल्या गॅसमुळे पोटाचा पडदा ताणला जातो म्हणून, एक ते तीन दिवसांत जातं, चालत राहिल्याने लवकर जातं. आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेक जण कामाला लागतात, जड उचलणं तीन-चार आठवडे टाळा. आत राहिलेल्या क्लिप बहुतेकदा टायटॅनियमच्या असतात, त्यामुळे पुढे एमआरआय करायला अडचण येत नाही.

पण पहिला आठवडा नीट वाचा, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे उशीर केल्याने होतं. साधा नियम: दुसऱ्या दिवसापासून रोज कालच्यापेक्षा थोडं बरं वाटायला हवं. ज्याला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कालच्यापेक्षा जास्त दुखतंय, पोट फुगलंय, भूक गेलीय, उलट्या होतायत, ताप आहे, नाडी जलद आहे, डोळे किंवा लघवी पिवळी दिसतेय, त्याला आत काहीतरी झालंय असं धरून चालायचं, जोपर्यंत तपासणीत नाही असं सिद्ध होत नाही. बहुतेकदा ती पित्ताची गळती असते, क्लिपच्या टोकातून किंवा लिव्हरच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या बारीक नळीतून. पोटात सांडलेलं पित्त सुरुवातीला फार दुखवत नाही म्हणून फसवतं, पेशंट नुसता "बरं वाटत नाहीये" म्हणतो. ही गळती वेळेत सापडली तर एक नळी घालून पित्त बाहेर काढणं आणि ईआरसीपीने पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) टाकणं एवढ्यावर बरी होते, दुसरं ऑपरेशन सहसा लागत नाही. त्यामुळे फोनवर "गॅस असेल, गोळी घ्या" एवढ्यावर समाधान मानू नका, त्याच दिवशी जाऊन रक्त तपासणी आणि सोनोग्राफी किंवा सीटी करून घ्या. आणि मुख्य नळीला इजा झाल्याचं निघालंच तर ती दुरुस्ती लिव्हर आणि पित्तनलिकेचं काम नेहमी करणाऱ्या टीमकडेच व्हायला हवी, पहिली दुरुस्ती नीट झाली तर पुढचं आयुष्य नीट जातं.

अजून एक, बायोप्सीचा रिपोर्ट. काढलेली पिशवी तपासायला पाठवतात, रिपोर्ट आठवड्याभराने येतो, तोपर्यंत पेशंट घरी बरा झालेला असतो आणि रिपोर्ट कोणी आणतच नाही. शंभरात एकापेक्षाही कमी जणांच्या पिशवीत अचानक कॅन्सर सापडतो. अगदी वरवरच्या थरात असेल तर पिशवी काढणं हाच उपचार पुरतो, त्याहून खोल असेल तर पुढचं ऑपरेशन लागतं आणि ते वेळेत व्हावं लागतं. रिपोर्ट आणा, वाचून घ्या, फाइलला लावा.

आता जुलाब, ज्याची तुम्हाला भीती वाटतेय. होतात, साधारण दहातल्या एकाला, काही अभ्यासांत थोडं कमी-जास्त. पित्तातली आम्लं एरवी लहान आतड्याच्या शेवटी ९५ टक्के परत शोषली जातात. पिशवी नसल्यावर त्यांचा प्रवाह सतत चालू राहतो आणि जास्तीची मोठ्या आतड्यात उतरतात, तिथे ती पाणी ओढतात. म्हणून जेवल्या जेवल्या घाईने जावं लागतं, पातळ होतं. बहुतेकांचं काही आठवडे ते काही महिन्यांत कमी होतं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एका वेळी खूप तेलकट-तुपकट खाऊ नका, थोडं थोडं खा, विरघळणारं फायबर वाढवा, उदाहरणार्थ इसबगोल. राहिलंच तर कोलेस्टिरामिन नावाची पावडर मिळते, ती पित्ताची आम्लं आतड्यातच बांधून ठेवते आणि ज्यांचं कारण खरंच हेच आहे त्यांना काही दिवसांतच फरक जाणवतो. मात्र ती बाकीची औषधंही बांधते म्हणून ती औषधं एक तास आधी किंवा चार-सहा तास नंतर घ्यायची. डायबेटिस असेल तर मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे का बघा, त्यानेही जुलाब होतात आणि दोष मात्र ऑपरेशनला दिला जातो. जुलाबात रक्त, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, वजन उतरणं, ही लक्षणं पिशवी काढल्याची नाहीत, त्यासाठी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) हवी.

तुमच्या नातेवाईकांसाठीही यातच उत्तर आहे. ऑपरेशननंतर बऱ्याच काळाने दुखत असेल तर आधी एक प्रश्न, हे दुखणं आधीसारखंच आहे की वेगळं? अगदी जुन्या अटॅकसारखं, अचानक, जोरात, तर नळीत खडा राहिलाय का किंवा नवा झालाय का ते बघायला लिव्हर फंक्शन टेस्ट आणि एमआरसीपी. टेस्ट शक्यतो दुखत असताना किंवा दुसऱ्या दिवशी करायची, कारण तेव्हाच आकडे वाढलेले सापडतात. सोनोग्राफीत नळी थोडी रुंद, ८-९ मिमी, लिहून आली आणि त्रास काही नाही, टेस्ट नॉर्मल, तर घाबरायचं कारण नाही, पिशवी काढल्यावर बऱ्याच लोकांत नळी थोडी रुंदावते. आणि रोजचा गॅस, फुगारा, जळजळ असेल तर ते पोटाचे आणि आतड्याचे स्वतंत्र आजार म्हणून तपासायचे, एंडोस्कोपी करायची, हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जिवाणूची टेस्ट करायची, आयबीएसचा (आतड्याच्या कामातल्या बिघाडाचा आजार) विचार करायचा. एक सावधगिरी सांगतो, सगळ्या टेस्ट नॉर्मल असताना फक्त दुखतंय म्हणून पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू ईआरसीपीने कापून घेऊ नका. अमेरिकेत २०१४ मध्ये आलेल्या अभ्यासात अशा पेशंटमध्ये स्नायू खरा कापलेल्यांना नुसता कापल्याचा देखावा केलेल्यांपेक्षा काहीच जास्त फायदा झाला नाही, आणि ईआरसीपीने पॅन्क्रियाटायटिस होण्याचा धोका मात्र खरा असतो.

तर तुम्ही ऑपरेशनची तारीख घ्या, लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या, घेत असलेली सगळी औषधं भूलतज्ज्ञांना दाखवा, विशेषतः रक्त पातळ करणारी. तारीख येईपर्यंत पुन्हा अटॅक आला आणि तो पाच-सहा तासांत थांबला नाही, किंवा सोबत ताप, थंडी, पिवळे डोळे, गडद लघवी, सतत उलट्या यातलं काहीही असेल, तर तारखेची वाट बघू नका, त्याच रात्री दाखल व्हा आणि तिथल्या डॉक्टरांना आधीचे तीन अटॅक आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवा.